साहेबाची बंदूक, आजीच्या पाटल्या

‘जुना वाचक’ यांना,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा उठून बंदुकीचे फोटो मोठे करून पाहिले.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमच्या रत्नागिरीकडच्या घरात एक दुनळी होती. १८५७च्या धामधुमीत खापरपणजोबांनी एका गोऱ्या साहेबाला गवताच्या माळ्यावर आठ दिवस लपवलं आणि जाताना त्याने ती बक्षीस दिली, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की ही शुद्ध थाप आहे, आणि असल्या थापांनीच बंदुकीला नसती प्रतिष्ठा मिळते. मग वरातीत बार काढणाऱ्यांना आपण कोणत्या तोंडाने बोलायचं?

थापेचं मान्य. नळीखालच्या शिक्क्याकडे तुम्ही बोट दाखवलंत, तो मी इतकी वर्षं नक्षी समजत होतो. लंबवर्तुळात ई-एल-जी ही अक्षरं आणि वर मुकुट. म्हणजे बेल्जियममधल्या लिएज शहरात नळी तपासल्याची खूण. त्यातला मुकुट १८९३पासूनचा. शिक्का राहू दे, आमची बंदूक मधे मोडून मागून काडतूस भरायची. सत्तावन्नची ती गाजलेली काडतुसं तर दातांनी फोडून दारू पुढून नळीत ओतायची होती. हे मला शाळेपासून पाठ होतं, तरी माझ्या डोक्यात दोन आणि दोन चार झाले नाहीत. घरच्या गोष्टीला कोण हिशोब विचारतो?

त्या गोष्टीची दुसरी आवृत्तीही आहे, ती मी लेखात गाळली होती. थोरल्या काकांच्या तोंडी साहेबाला लपवलेलं नव्हतं. त्याच्या हातून बंदूक हिसकावून घेतली होती. काका सांगायला लागले ते स्वातंत्र्यानंतर. साहेब तोच, माळा तोच, फक्त आमचे खापरपणजोबा पक्ष बदलून मोकळे.

तुमच्या प्रतिक्रियेनंतर आत्याला फोन केला. ती चौऱ्याऐंशीची आहे. म्हणाली, “कसला साहेब रे? अण्णांनी मुंबईला गिरणीत असताना जुनी घेतली. पैसे कमी पडले म्हणून आईच्या पाटल्या मोडल्या. आई मरेपर्यंत तिला ‘माझी सवत’ म्हणायची.” अण्णा म्हणजे माझे आजोबा. मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंस? तर म्हणे, तुम्ही पुरुष मंडळी ओटीवर साहेब रंगवत बसायचात, मधे कोण बोलणार.

आता तुमचा दुसरा मुद्दा. तिथे मी तुमच्याशी भांडणार आहे, आणि थोडा स्वतःशीही. आमच्या घरात बंदुकीला प्रतिष्ठा होती ती वर्षातून एक दिवस, दसऱ्याला. झेंडूची माळ घालून ती पाटावर ठेवायची. शेजारी कोयता, कुदळ आणि आजीची विळी. एरवी ते एक कटकटीचं अवजार होतं. परवान्यावर कारण लिहिलेलं: शेतीसंरक्षण. पावसाळ्यात कागदी काडतुसं दमटपणाने फुगत आणि नळीत शिरत नसत, म्हणून आजी ती तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवायची. भात काढताना मापट्यात एखादं आलंच तर शिव्या अण्णांना. रात्री राखणीला गेलं की बहुतेक बार हवेतच काढायचे. डुक्कर पडलं तर वाड्यात वाटे व्हायचे. १९७२चा वन्यजीव कायदा आल्यावर परवाना असूनही डुकरावर गोळी झाडायला वेगळी परवानगी लागायला लागली. त्यानंतर एकही पडलं नाही, असं मी छातीठोक सांगणार नाही.

आणि निवडणूक आली की ती ठाण्यात जमा. पावती जपायची, निकाल लागले की दाखवून सोडवून आणायची. २००९ आणि २०१४, दोन्ही वेळा विधानसभेचं मतदान ऑक्टोबरात, म्हणजे नेमकं भात पिकून उभं असताना. डुकरांना आचारसंहिता लागू नाही. बाबा पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन बांधावर बसायचे. तीन-तीन वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी तालुक्याला खेपा. शेवटी बाबांनीच परवाना सोडला आणि बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवली. तेव्हा ‘घरात हत्यार ठेवून फोटो टाकता’ हा टोमणा परत घ्या. फोटो तिच्या घरातल्या शेवटच्या दिवसांतले आहेत.

यातलं काहीच मी लेखात लिहिलं नाही, हा तुम्ही न लावलेला आरोप मी स्वतःवर लावून घेतो. साहेबाची गोष्ट लिहायला सोपी होती. डबा वाजवणारा बाप लिहायला जरा जड गेलं असतं.

वरातीतल्या बाराबद्दल आपलं एकमत आहे. शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर असा निष्काळजी बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. माझ्या मते तीही कमीच.

मूळ लेखातला साहेब मी पुसलेला नाही. त्याच्यावर रेघ मारून खाली आत्याचं म्हणणं घातलं आहे. शिक्क्याजवळच चापाच्या बाजूला आणखी एक आकडा आहे, झिजलेला. पुढच्या महिन्यात विक्रेत्याकडे जाणार आहे, तेव्हा उजेडात नीट फोटो काढून पाठवतो. तुम्हाला वाचता आला तर सांगा.