वाढीव रॅमचे वीस हजार : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही मनापासून आणि मुद्देसूद लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचा आक्षेप असा की, ॲपलच्या लॅपटॉपमधल्या वाढीव रॅमच्या, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या मेमरीच्या, किमतीला मी 'लूट' म्हटलं ते अन्यायाचं आहे. तुमचं म्हणणं, ती रॅम वेगवान असते, चाचणी आणि वॉरंटी कंपनीच्या अंगावर असते, आणि परवडत नसेल त्याने घेऊ नये.

वेगाचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे. २०२० च्या एम-१ या ॲपलच्या स्वतःच्या चिपपासून मेमरी प्रोसेसरला लागूनच बसवलेली असते, प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघं तीच वापरतात. पण तो वेग ८ जीबीच्या मशीनलाही मिळायचाच, त्याचे पैसे मूळ किमतीत आलेले असायचे. वाद पुढच्या ८ जीबीचा आहे. २०२२ च्या एम-२ मॅकबुक एअरला त्यासाठी २०,००० रुपये जादा पडायचे. तेव्हा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर लॅपटॉपची ८ जीबीची साधी पट्टी दोन-अडीच हजारांत मिळे. ॲपलची मेमरी वेगळ्या जातीची, म्हणून दुप्पट धरा, चाचणी-वॉरंटीचे वर घाला. वीस हजारांच्या जवळपासही आपण पोचत नाही.

आणि मग ऑक्टोबर २०२४ आला. ॲपलने एअरची किमान रॅम ८ वरून १६ जीबी केली. एम-३ एअरची भारतातली किंमत आधी १,१४,९०० होती, नंतरही तेवढीच राहिली. ज्या ८ जीबीला आदल्या दिवसापर्यंत वीस हजार मोजावे लागत, ती दुसऱ्या दिवशी त्याच किमतीत आली. एका रात्रीत चिप स्वस्त होत नाहीत. त्याच आठवड्यात ॲपल इंटेलिजन्स ही ॲपलची एआय सुविधा आली होती आणि त्याला मेमरी लागते. म्हणजे वीस हजारांचा आकडा खर्चातून आलेलाच नव्हता. कोण जास्त देऊ शकतो हे कंपनीला आधी कळत नाही. मूळ किंमत आकर्षक ठेवली की ज्याला गरज आहे तो स्वतःच पुढचा पर्याय निवडतो. धंद्यात हे जुनंच आहे. इंटेलने १९९१ मध्ये ४८६-एसएक्स हा प्रोसेसर स्वस्तात विकला, त्यात गणिती कोप्रोसेसर, म्हणजे किचकट आकडेमोड करणारा भाग, बंद करून ठेवलेला असे.

एवढंच असतं तर मी 'लूट' म्हटलं नसतं. माझा राग नंतरचा रस्ता बंद करण्यावर आहे. मॅकबुक प्रोमध्ये २०१२ च्या रेटिना मॉडेलपासून रॅम बोर्डावर सोल्डर झाली, म्हणजे कायमची जोडली गेली. त्याआधी लोक कमी रॅमचं मशीन घेऊन बाहेरून पट्टी टाकत, आणि त्या धाकाने कंपनीच्या भावालाही काही मर्यादा राहत असे. सोल्डर करण्याला पर्यायच नाही, हेही पटत नाही. लेनोवोच्या २०२४ च्या थिंकपॅड पी-१ मध्ये एलपीकॅम-२ ही वेगवान मेमरी स्क्रू काढून बदलता येते. आणि स्टोरेजचं काय? २०२४ च्या एम-४ मॅक मिनी या छोट्या डेस्कटॉपमधलं स्टोरेज सुटं निघतं, तरी तो आला तेव्हा अमेरिकेत २५६ जीबीचं ५१२ करायला २०० डॉलर पडत.

यात भरडला गेला तो कर्ज काढून लॅपटॉप घेणारा विद्यार्थी. पहिल्या वर्षी त्याने ८ जीबीचं मशीन घेतलं, तिसऱ्या वर्षी अँड्रॉइड स्टुडिओ (ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) आणि एम्युलेटर (संगणकातला नकली फोन) एकत्र चालेनात, आणि अख्खं मशीन बदलायची वेळ आली. 'परवडत नसेल तर घेऊ नये' हे त्याला कसं सांगणार? मशीन त्याला परवडलं होतं. बाजारभावाने आणखी ८ जीबीही परवडली असती.