जुनी मॉर्गन बघायला जाताना सुतार सोबत नेऊ नये

तुम्ही जुनी मॉर्गन, म्हणजे ती जुन्या वळणाची इंग्रजी स्पोर्ट्स कार, घ्यायचं ठरवलंय ना, मग आता तपासण्यासारखं फारसं उरलेलं नाही. वीस वर्षं इंग्लंडात राहून घराचे हप्ते फेडले, मुलं कॉलेजात पोचली, दारात रोज सकाळी मुकाट सुरू होणारी जपानी गाडी उभी आहे. एवढं सुख माणसाला किती दिवस सोसवणार? तेव्हा एखाद्या शनिवारी सकाळी तुम्ही कुणाच्या तरी गॅरेजसमोर उभे राहणारच. माझं सांगणं एवढंच, की तिथं नको ते काही सापडून शनिवार वाया जाऊ देऊ नका.

त्यासाठी पहिली खबरदारी म्हणजे सुताराला घरीच ठेवा.

पबमध्ये कुणीतरी तुम्हाला सांगितलंच असेल की मॉर्गनची चासी, म्हणजे गाडीची तळाची चौकट, लाकडाची असते. ती नसते. चासी धातूची, वरचा पत्रा पोलादाचा नाहीतर ॲल्युमिनियमचा, आणि या दोघांच्या मध्ये ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाचा सांगाडा. जुन्या वाड्यात डोळ्यांना दिसते भिंत आणि भार असतो खांब-तुळयांवर, तसंच. हे लाकूड चिवट, लवचीक, कुऱ्हाडीचे दांडे करायला नामी. फक्त ओल त्याला सोसत नाही. आणि ही गाडी जिथं बनते त्या माल्व्हर्नलाच काय, अख्ख्या इंग्लंडला ओलीशिवाय दुसरं हवामान ठाऊक नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून कारखान्यात लाकडाला कुजू नये म्हणून औषध पाजायला लागले. त्याआधीच्या गाड्या पावसाचंच पीत आल्या.

लाकूड कुजलंय का हे कळायला दहा सेकंद पुरतात, धोका तिथंच आहे. दार अर्धं उघडायचं, टोकाला धरून हलकेच वर उचलायचं आणि बिजागऱ्यांच्या खांबाकडे बघायचं. दारासोबत खांबही हलला की समजायचं, आत भुगा आहे. मग पत्रा उतरवा, लाकूड बदला, पत्रा पुन्हा चढवा, रंग द्या. बिल ऐकून तुम्हाला खांबाचा आधार घ्यावासा वाटेल, आणि खांब तर हलतोय. म्हणून दार उचलू नका. उघडा, "वा!" म्हणा, आत बसा. चुकून उचललं गेलंच तर मालक शांतपणे म्हणेल, "सगळ्या तशाच असतात." हे वाक्य नीट ऐकून ठेवा, आज पुष्कळदा कानावर येणार आहे.

मागच्या चाकांवरच्या कमानीही लाकडाच्याच, पट्ट्या एकमेकींना चिकटवून साच्यात वाकवलेल्या. आत हात घालून त्या बोटानं दाबून बघणारे लोक असतात. असे मित्र लग्नाकार्याला बोलवावेत, गाडी बघायला नाही.

पुढच्या चाकांचं प्रकरण जरा ऐतिहासिक आहे. कंपनीचे संस्थापक एच. एफ. एस. मॉर्गन यांनी १९०९ साली पहिली तीनचाकी बनवली, तेव्हा उभ्या दांडीवर चाक वरखाली सरकेल अशी रचना केली. तीच, थोड्याफार डागडुजीनं, पार २०२० पर्यंत चालली. मधल्या काळात दोन महायुद्धं झाली, साम्राज्य गेलं, दांडी आपल्या जागी. या दांडीला, म्हणजे किंगपिनला, सतत ग्रीस लागतं. बऱ्याच गाड्यांत पायाशी एक बटणही असतं. ते दाबलं की इंजिनातलंच तेल दांडीकडे जातं. चाक जॅकवर घेऊन वरून-खालून धरून हलवलं आणि खडखडलं, तर दांडीभोवतीचे बुश, म्हणजे धातूच्या नळ्या, झिजले. पण जॅक कशाला? आणि "शेवटचं ग्रीस कधी मारलं?" असं तर विचारूच नका. इंग्रज माणसाला पगार विचारल्यावर तो जसं तोंड करतो, तसं करेल.

तारांची चाकं असतील तर जाणकार पेन काढून एकेका तारेवर टिचकी मारत जातो. ताठ तार टणकन वाजते, सैल तार थद् करते. तुम्ही मात्र जलतरंग ऐकताय असं समजा, आणि थद् आलं की तो कोमल निषाद असावा म्हणून मान डोलवा.

प्लस एट असेल तर प्रश्नच मिटला. १९६८पासून या मॉडेलात रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ इंजिन बसवायला लागले. ते सुरू झालं की माणसाची कान सोडून बाकी सगळी इंद्रियं बंद पडतात. कॅमशाफ्ट झिजल्याची टकटक त्याच आवाजात विरघळून जाते.

कागदपत्रांचं काय? गाडी चाळीस वर्षांहून जुनी आणि फारसा बदल न केलेली असेल तर तिला एमओटीची, म्हणजे दरवर्षीच्या सरकारी तपासणीची, सक्ती नाही. म्हणजे गाडी जेवढी म्हातारी तेवढी डॉक्टरची गरज कमी, हा सरकारचा विचार आपल्या पथ्यावरच पडतो. जुन्या एमओटीचे शेरे मात्र इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येतात, गंज, ढिले सांधे, सगळं तारीखवार. फुकट मिळतं त्याची किंमत नसते, असं आपल्या घरात शिकवलंय. तेव्हा बघू नका. बिलांची फाइल जाड असेल तर गाडी नीट राखली आहे, पातळ असेल तर गाडीला कधी काही झालंच नाही.

मग चहा येईल आणि मालक १९६२च्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीवर घसरेल. टीओके २५८ नंबरची मॉर्गन तिथं दोन लिटरच्या वर्गात पहिली आली होती. ती ही गाडी नव्हे, पण दुसरा कप संपेपर्यंत तुम्हाला तसं वाटायला लागेल. १९९० साली बीबीसीच्या कार्यक्रमासाठी बडे उद्योगपती सर जॉन हार्वी-जोन्स कारखान्यात आले, उत्पादन वाढवा म्हणाले, मॉर्गन कुटुंबानं ऐकलं नाही आणि वर्षानुवर्षांची वेटिंग लिस्ट उलट आणखी लांबली, हीसुद्धा गोष्ट येईलच. सल्ला न ऐकण्याची एवढी थोर परंपरा असलेल्या गाडीसाठी तुम्ही सल्ला वाचत बसलाय, याचं मला खरंच कौतुक वाटतं.

टेस्ट ड्राइव्ह कोरड्या दिवशी, टप काढून, सपाट रस्त्यावर आणि दोन मैलांपेक्षा जास्त करू नये. बाकीचं घरी येताना कळेल. एम फाइव्ह महामार्गावर पाऊस सुरू होईल, तुम्ही कडेच्या पेट्रोल पंपावर वळाल, टप ओढाल, एकेक बटण दाबत जाल. शेवटचं बटण बोटभर अलीकडेच थांबेल; कापड थंडीत आखडतं. बाजूच्या ट्रकचा ड्रायव्हर सँडविच खाता खाता काच खाली करून विचारेल, "पाणी आत येत नाही का हो?" तुम्ही मांडीवरचं पाणी झटकत म्हणाल, "सगळ्या तशाच असतात."