पाठीवर पाय देऊन गादी बसते? नाही बसत
गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की मणक्यातली गादी सरकली असेल तर जोरात मालिश करून पाठीवर पाय दिला की ती जागेवर बसते, ऑपरेशन नको. मालवणपासून गुहागरपर्यंत सगळे पुढे ढकलतायत.

अहो, गादी मुळात सरकतच नाही, ती दोन मणक्यांना घट्ट धरलेली असते, फुगते नाहीतर फाटते आणि आतला मऊ भाग बाहेर येऊन नस दाबतो, तो वरून दाबून आत कसा जाणार? बऱ्याच जणांचं दुखणं काही आठवड्यांत आपोआप उतरतं, क्रेडिट मात्र मालिशवाल्याला.

हलक्या हाताने खोबरेल चोळायला कोणाची ना नाही, पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचाच तर नुसता टेकवा. पाठीवर उभं राहणं वेगळं. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस नावाचा पाठीच्या कण्याचा सुजेचा आजार असतो, त्यात मणके जुळून बांबूसारखे एकसंध होतात, वरून कडक आणि आतून ठिसूळ, छोट्या झटक्यानेही मोडतात आणि मज्जारज्जूला मार बसून माणूस लुळा पडू शकतो. म्हातारपणी हाडं विरळ झालेली, मणक्याचा टीबी, मणक्यात पसरलेला कॅन्सर, तिथेही तोच धोका. आणि न्हाव्याकडे मान कडकन मोडून घेता ना, त्यात मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून स्ट्रोक आल्याच्या केसेस आहेत, क्वचित पण आहेत.

पायातली ताकद गेली, लघवी अडकली, बसायची जागा बधिर झाली तर तेल राहू दे बाजूला, त्याच रात्री गाडी काढून रत्नागिरी नाहीतर ओरोसचं जिल्हा रुग्णालय गाठा.