रंगवलेली कबुतरे पुरे झाली

आज सकाळी एका समारंभाची छायाचित्रे पाहिली आणि तेव्हापासून डोके तापले आहे. दंगलीत होरपळलेल्या एका वस्तीतली भिंत बाहेरून आलेल्या चित्रकारांनी रंगवली, तिच्यावर कबुतरे आणि एकमेकांत गुंफलेले हात काढले, फीत कापली आणि सलोखा साधल्याचे जाहीर करून सगळे परतले. वस्तीतल्या एकाही माणसाच्या हातात कुंचला दिसला नाही.

अशाच एका हिंसाचारानंतर भरणाऱ्या शिवणाच्या कार्यशाळेत मी मदतीला जात असे. तिथे बायका कापडाच्या तुकड्यांतून आपापली हकीकत शिवत. त्यांतल्या एक आजी कितीतरी आठवडे काहीच शिवत नव्हत्या. इतरांच्या सुयांत दोरा ओवून देत आणि ऐकत बसत. मग एके दिवशी त्यांनी एक बंद दार शिवले, बाकी काही नाही. पाहणीला आलेल्या एका पाहुण्यांनी ‘यात थोडा सूर्य घाला, आशादायी वाटेल’ असे सुचवले, तेव्हा आजींनी कापडाची घडी घातली आणि ते पिशवीत ठेवून दिले.

हा सूर्य कोणाला हवा असतो? चिलीत 1973 च्या लष्करी उठावानंतर ज्यांची माणसे बेपत्ता झाली, त्या बायकांनी गोणपाटावर चिंध्या जोडून अटका, शोध आणि रिकाम्या जागा शिवल्या. त्या एकत्र बसून शिवत होत्या, म्हणून घरात कोंडलेले दुःख चारचौघींत आले, आणि ती कापडे देशाबाहेर गेल्यावर राजवटीला झाकायचे होते ते जगाला दिसले.

कलेने न्याय मिळत नाही, हे मान्य. त्या चित्रकारांचा हेतू वाईट नसेलही. पण ज्याच्यावर घाव झाला, त्याने काय दाखवायचे आणि काय झाकायचे हे दुसऱ्याने ठरवणे मला संतापजनक वाटते. कोलंबियात फार्क बंडखोरांनी खाली ठेवलेली 37 टन शस्त्रे वितळवून शिल्पकार डोरिस साल्सेदो यांनी 2018 मध्ये बोगोटात एका वास्तूची जमीन घडवली, तेव्हा त्या लाद्यांच्या साच्यांसाठी पत्र्यांवर हातोडे चालवले ते युद्धात लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांनी. कलावंत नामवंत होत्या, तरी घाव घालण्याचा हक्क त्यांनी त्या स्त्रियांकडे सोपवला. तिथे कबुतर नाही. लोक त्या शस्त्रांवरून चालतात.

आजींनी ते दार पुढे स्वतःहून बाहेर काढले, पाहुणे नसताना. त्या रात्री दाराला आतून कडी कोणी लावली आणि बाहेर कोण राहिले, हे त्यांनी हळूहळू सांगितले. कोणी सांत्वन केले नाही. शेजारच्या बाईने फक्त आपले कापड त्यांच्या कापडाशेजारी पसरले.

निधी देणाऱ्या मंडळींना माझे एवढेच म्हणणे आहे की, व्यासपीठ आणि छायाचित्रकार यांवरचा खर्च वाचवून तो कापड, दोरा, बसायची जागा आणि वर्षभर टिकून राहणारी एक जाणती व्यक्ती यांवर करावा. तयार झालेले काम टांगायचे की पेटीत ठेवायचे, हे ज्यांनी ते केले त्यांनाच ठरवू द्यावे. अहवालात लावायला छायाचित्र मिळाले नाही, तर अहवाल छायाचित्राविना जाऊ द्यावा.