ग्राऊसची शिकार, हॅरियर आणि जाळरेषा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही उभी हयात वनखात्यात काढलीत, म्हणून ग्राऊसच्या शिकारीवर टीका करणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली आणि मगच लिहायला बसले. तुमचं म्हणणं असं : ब्रिटनमधले हेदरचे (जांभळ्या फुलांच्या खुरट्या झुडपांचे) माळ, म्हणजे मूर, ग्राऊस या तितरासारख्या पक्ष्याच्या शिकारीच्या पैशावर टिकलेत. गेमकीपर, म्हणजे शिकारीचे पक्षी राखणारे पगारी रखवालदार, काढले तर जमिनीवर घरटं करणारे पक्षी संपतील, आणि लँगहोमला हेच घडलं. मूर जाळण्याला मी नावं ठेवली, पण 'आम्हीही दरवर्षी जाळरेषा (आधीच जाळून मोकळा ठेवलेला पट्टा) काढायचो'. थोडक्यात, मी हळवेपणाने लिहिलं.

पक्ष्यांबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि ते माझ्या लेखात यायलाच हवं होतं. नॉर्थम्बरलंडमध्ये ऑटरबर्नला २००० ते २००८ या काळात प्रयोग झाला. जिथे कोल्हे, कावळे आणि स्टोट (मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी) यांना आवर घातला, तिथे लांब, वाकड्या चोचीचा कर्ल्यू, गोल्डन प्लोव्हर आणि आपल्या टिटवीचा भाऊबंद लॅपविंग यांची वीण सुमारे तिपटीने यशस्वी झाली. एप्रिलात यॉर्कशायरच्या मूरवर चालताना कर्ल्यूची लांबत जाणारी शीळ कानावर येते, तिच्यामागे गेमकीपरचे कष्ट आहेत. हे मी मनापासून मान्य करते.

पण लँगहोमचं नाव तुम्ही काढलंत, तर ती हकीकत पुरती सांगू या. दक्षिण स्कॉटलंडमधल्या या मूरवर १९९२ ते १९९७ अभ्यास चालला. हेन हॅरियरला (आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर हिवाळ्यात घिरट्या घालणाऱ्या भोवत्यांचा सख्खा भाऊबंद असलेला हा शिकारी पक्षी) कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं. पाच वर्षांत विणीच्या माद्या दोनावरून वीसवर गेल्या. त्यांनी ग्राऊसची पिल्लं उचलली, शिकार परवडेना, गेमकीपर गेले. मग कोल्हे वाढले आणि हॅरियरही पुन्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. इथवर तुमचा मुद्दा पक्का आहे. तुम्ही सोडलेला भाग असा, की मेंढ्यांच्या चराईने तिथलं हेदर आधीपासूनच घटत होतं. पुढे २००८ पासून दुसरा प्रकल्प झाला. त्यात गेमकीपर परत आले, हॅरियरच्या घरट्यांजवळ आयतं खाणं ठेवलं गेलं, आणि त्यांनी ग्राऊसची पिल्लं उचलणं फारच कमी झालं. तरीही रान उठवून शिकार करण्याइतके ग्राऊस झाले नाहीत. अखेर २०२१ आणि २०२२ मध्ये गावकऱ्यांनी वर्गणी आणि देणग्या जमवून त्या मूरची दहा हजार एकरांहून अधिक जमीन विकत घेतली. आज तिथे टॅरस व्हॅली राखीव क्षेत्र आहे.

माझा आक्षेप आहे तो 'रान उठवून' या शब्दांवर. कुत्रा घेऊन दिवसभर पायपीट करायची आणि चार ग्राऊस मारायचे, याला मी कधी विरोध केलेला नाही. इथे १२ ऑगस्टला हंगाम उघडतो तेव्हा निशाणं फडकावत हाकारे रांगेने पुढे सरकतात आणि आडोशाला उभ्या बंदुकांवर थव्यामागून थवे येतात. अशा एका दिवसासाठी जितके ग्राऊस लागतात तितके माळ आपल्या स्वभावाने देत नाही. मग प्रत्येक ग्राऊसचा हिशेब सुरू होतो आणि त्या हिशेबात हॅरियर चोर ठरतो. १९५४ पासून कायद्याने संरक्षण असलेला पक्षी! उपग्रह-टॅग लावलेल्या ५८ हॅरियरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले ७२ टक्के बेकायदा मारले गेले, किंवा तशी दाट शक्यता होती. काका, याला हळवेपणा कसं म्हणू?

सगळेच गेमकीपर असं करत नाहीत. पण जे करतात त्यांना पकडणार कोण? मैलोन्‌मैल ओसाड माळ, साक्षीदार नाही, टॅग अचानक मुका होतो. म्हणूनच मी बंदी मागत नाही, परवाना मागते. स्कॉटलंडने २०२४ च्या कायद्याने तो आणला. फौजदारी खटल्यात शिक्षा झाली नसली तरी गुन्ह्याची खात्री पटल्यावर तिथे परवाना रोखता येतो. इंग्लंडमध्ये अजून काहीच नाही.

राहिली आग. जाळरेषा तुम्ही वणवा अडवायला काढत होता, आणि खाली माती होती. इथे ग्राऊसला कोवळे कोंब मिळावेत म्हणून हेदरचे पट्टे जाळतात, आणि पुष्कळ ठिकाणी त्याखाली पीट असतं. पीट म्हणजे पाण्यात न कुजता साचलेलं शेवाळ, वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढणारं. ते ओलं राहिलं तर कार्बन धरून ठेवतं आणि स्वतःच आगीला अडवतं. कोरड्या, उथळ जमिनीवरच्या हेदरबद्दल माझी तक्रार नाही. खोल पीटवर काडी ओढू नये, एवढंच माझं मागणं आहे.

कर्ल्यूसाठी कोल्ह्यांना आवर घालायला माणसं लागतील, हेही खरं. त्यांचा पगार सरकारने द्यावा असं मला वाटतं. नाहीतरी माझ्यासारख्यांच्या कराचा पैसा डोंगरावरच्या जमिनींना अनुदान म्हणून जातोच.

आता तुम्हालाच एक विचारते. तुम्ही इतके पंचनामे केलेत. जनावर मारलं गेलंय हे माहीत आहे पण मढं हाती लागत नाही, अशा प्रकरणात तुम्ही काय करत होता? सवडीने लिहाल का?