तेव्हाच म्हटलं होतं!

भविष्य सांगणं हा तोट्याचा धंदा आहे. चुकलं तर लोक जन्मभर लक्षात ठेवतात आणि बरोबर आलं तर योगायोग म्हणतात. शहाण्या माणसाने भूतकाळाचं भविष्य सांगावं. त्याला भांडवल लागत नाही, अभ्यास लागत नाही आणि ते चुकल्याचं आजवर ऐकिवात नाही. गोष्ट घडून जाऊ द्यायची. बाकीचे नाचत किंवा हळहळत असताना सोफ्यावर मागे रेलायचं, डोळे किंचित मिटायचे आणि म्हणायचं, “मी तेव्हाच म्हटलं होतं.” बस्स. घरातलं तुमचं स्थान निश्चित झालं.

या विद्येचा श्रीगणेशा क्रिकेटपासून करावा. तिथे निर्णय दुसऱ्याचा असतो, परिणाम तिसऱ्याला भोगावे लागतात आणि मत द्यायला आपण मोकळे. शिवाय दर मिनिटाला काहीतरी घडतं, त्यामुळे सराव भरपूर होतो. नवशिक्यांची मोठी चूक म्हणजे ते चेंडू पडायच्या आधी बोलतात. “याला कशाला बोलिंग दिली? गेली मॅच!” असं एकदा तोंडातून गेलं की माणूस त्या वाक्याशी बांधला जातो. मुरलेला प्रेक्षक कर्णधाराच्या प्रत्येक निर्णयावर फक्त “हं…” म्हणतो. या हुंकाराचा अर्थ निकाल लागल्यावर लावता येतो.

२००७ च्या ट्वेंटी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना आठवा. जोहान्सबर्ग, समोर पाकिस्तान, शेवटच्या षटकात त्यांना १३ धावा हव्यात आणि एकच गडी शिल्लक. हरभजनचं षटक बाकी असताना धोनीने चेंडू दिला जोगिंदर शर्माला. तुम्ही म्हणायचं, “हं…” पहिलाच चेंडू वाइड. “हं.” मग एक निर्धाव चेंडू, मग मिसबाहचा षटकार, म्हणजे आता ४ चेंडूंत ६. इथे हुंकार थोडा लांबवायचा. पुढचा चेंडू मिसबाहने यष्टींमागे उचलला, शॉर्ट फाइन लेगला श्रीशांतने झेल घेतला आणि आपण ५ धावांनी विश्वविजेते. आता त्या सगळ्या हुंकारांचा अर्थ असा : हरभजनला मिसबाहने त्याच डावात तीन षटकार ठोकले होते, तेव्हा जोगिंदरच योग्य, हे मला दिसत होतं. आणि समजा तो झेल सुटून चेंडू सीमेपार गेला असता, तर? तर त्याच हुंकारांचा अर्थ असा की, अनुभवी गोलंदाज शिल्लक ठेवून नवख्याला पुढे करतात का कधी, हेही मला दिसतच होतं. दोन्हीकडे तुम्हीच बरोबर. धोनीला ही सोय नव्हती, बिचाऱ्याला चेंडू पडायच्या आधी ठरवावं लागलं.

धोनीने या शास्त्राची जेवढी सेवा केली तेवढी क्वचितच कोणी केली असेल. २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, वानखेडेवर, २७५ चा पाठलाग करताना तिसरा गडी ११४ वर पडला आणि तो युवराजच्या आधी आला. त्या स्पर्धेत युवराज तुफान खेळत होता आणि धोनीचं तोवर अर्धशतकही नव्हतं. पुढे नाबाद ९१ झाल्या, षटकार मारून चषक आला, आणि ‘कर्णधाराने पुढे यायलाच हवं’ हा नियम घरोघरी आधीपासून होता असं निष्पन्न झालं. २०१९ च्या उपांत्य फेरीत न्यूझीलंडविरुद्ध तोच धोनी सातव्या क्रमांकावर आला, ५० वर धावबाद झाला, आपण १८ धावांनी हरलो. तेव्हाही घरोघरी माहीत होतं की त्याला वर पाठवायला हवं होतं. तो वर येऊन ५ धावांत बाद झाला असता, तर त्याला शेवटासाठी राखून ठेवायला हवं होतं, हेही तितकंच माहीत असतं. आणि २०२४ चा ट्वेंटी-२० विश्वचषक? अंतिम सामन्याआधीच्या सात डावांत मिळून कोहलीच्या धावा ७५. त्याला सलामीला ठेवण्यावर देशभर चर्चा. अंतिम सामन्यात एकट्या डावात ७६. अशा दिवशी “मोठा खेळाडू मोठ्या सामन्यासाठी राखून खेळतो” हे वाक्य जो पहिल्यांदा उच्चारेल तो जिंकला. त्यामुळे वाक्य ओठांवर तयार ठेवा. त्याच्या शेजारी “मी म्हणतच होतो, याला बसवा” हेही ठेवा. कुठलं सोडायचं ते पंचांचं बोट बघून ठरवता येतं.

जुन्या सामन्यांबाबत तर संकोचच नको. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आपला डाव १८३ धावांत आटोपला, समोर दोनदा विश्वचषक जिंकलेला वेस्ट इंडिजचा संघ. त्या संध्याकाळी ‘संपलं सगळं’ म्हणून अंथरुणावर आडवा झालेला एकही माणूस आज हयात नाही. जे हयात आहेत ते सगळे जागे होते आणि कपिलने मागे धावत रिचर्ड्सचा झेल घेण्यापूर्वीच त्यांना कल्पना आली होती. आमचे मोठे मामा यांच्याही पुढचे. त्याच स्पर्धेत टनब्रिज वेल्सला झिम्बाब्वेविरुद्ध १७ धावांत ५ गडी गेलेले असताना कपिलने नाबाद १७५ काढल्या, तो डाव त्यांनी म्हणे टीव्हीवर चेंडू न चेंडू पाहिला. त्या सामन्याचं चित्रीकरणच झालेलं नाही, ही क्षुल्लक अडचण आहे. मामा कपिलच्या एका षटकाराचं वर्णन करतात तेव्हा बॉल कुठल्या झुडपात गेला तेही सांगतात. एवढी तयारी व्हायला वेळ लागतो, धीर सोडू नका.

कोणी तुम्हाला थापाड्या म्हणालं तर विज्ञान तुमच्या बाजूने आहे. १९७२ साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यांवर निघाले, तेव्हा बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं : निक्सन माओंना भेटतील का, अमुक घडेल का, तमुक घडेल का, शक्यता किती टक्के? दौरे आटोपल्यावर त्याच विद्यार्थ्यांना विचारलं, तुम्ही आधी किती टक्के लिहिलं होतं ते आठवा. जे घडलं होतं त्याची शक्यता आपण भरपूर धरली होती, असं बहुतेकांना अगदी मनापासून आठवत होतं. कागद मात्र वेगळं सांगत होता. म्हणजे बघा, ही माणसं खोटं बोलत नव्हती. मामाही खोटं बोलत नाहीत. त्यांना ते झुडूप खरोखर दिसतं. यातून घ्यायचा धडा एवढाच की कागद जवळ ठेवू नये.

फिशहॉफ आणि बेथ यांचा हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला १९७५ साली, आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला ‘शोले’ प्रदर्शित झाला. पहिल्या आठवड्यांत धंद्यातल्या जाणत्यांनी त्याला पडेल ठरवून टाकलं. निर्मात्यांच्या गोटात शेवट बदलून पुन्हा चित्रित करावा का, इथपर्यंत विचार गेला. मग तोंडोतोंडी बोलबाला झाला आणि मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला. तेव्हा ‘पडणार’ म्हणणारे जाणते कुठे गेले? कुठेच नाही. पुढची पन्नास वर्षं ते ‘शोले’ का चालला यावर बोलत राहिले. तज्ज्ञ कधी पडत नाही, सिनेमा पडतो.

तुम्ही निर्माते नाही, तुमची मर्यादा दिवाणखान्यापुरती. तिथे रहस्यपटासारखी संधी नाही. पहिल्या अर्ध्या तासात पडद्यावर येणाऱ्या प्रत्येकावर एकदा संशय घ्यायचा. “हा नोकर मला बरा दिसत नाही.” पाच मिनिटांनी, “ही बाई फारच रडतेय.” मग डॉक्टर, मग धाकटा भाऊ, मग खुद्द तपास करणारा इन्स्पेक्टर. खून झालेल्यालाही सोडू नका, हल्ली तो शेवटी जिवंत निघतो. शेवटी जो कोणी सापडेल त्याच्याकडे हात करून म्हणायचं, “काय सांगितलं होतं?” बाकीचे सात संशयित कोणाच्या लक्षात राहत नाहीत, फार तर तुमच्यामुळे संवाद ऐकू आले नाहीत एवढं राहतं. काही कष्टाळू लोक तो सिनेमा आदल्या रात्री एकट्याने, हेडफोन लावून बघून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सहकुटुंब बसून “माझा आपला अंदाज” म्हणून सगळं उलगडतात. मला हे पटत नाही. यात प्रामाणिकपणा नाही असं नव्हे, पण तीन तास फुकट जातात. न बघता बरोबर ठरण्यातच या विद्येचं वैभव आहे.

खेळ आणि सिनेमात हात बसला की संसाराकडे वळावं. आजारपण सगळ्यात सोपं. घरातल्या प्रत्येकाला प्रत्येक गोष्टीला आधीच एकदा नाही म्हणून ठेवायचं : भिजू नको, जागू नको, पंख्याखाली झोपू नको, वाकून मोबाइल बघू नको, रिकाम्या पोटी पळू नको, भरल्या पोटी तर मुळीच नको. मग सर्दीपासून कंबरदुखीपर्यंत काहीही झालं तरी ते तुमच्या कुठल्या ना कुठल्या कलमात बसतं. डॉक्टरांनी विषाणूचं नाव घेतलं तर मान डोलवायची आणि म्हणायचं, “तेच ते.”

लग्नाच्या बाबतीत एकच शब्द पुरतो. जोडप्याला आशीर्वाद देऊन परतताना गाडीत म्हणायचं, “जोडी छान आहे, फक्त…” आणि खिडकीबाहेर बघायचं. हा ‘फक्त’ वीस वर्षं टिकतो. बिनसलं, तर तो होताच. सुखाने नांदली, तर तुम्ही छान म्हटलंच होतं. मुलांच्या शिक्षणाबद्दलही असंच. भाचीने कुठलीही शाखा घेतली तरी “धाडस आहे” एवढंच बोलावं. धाडसाचं पुढे काहीही होऊ शकतं.

आता थोडं सावधगिरीबद्दल. कुटुंबाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हे या कलेचं स्मशान आहे. तिथे वेळेसकट सगळं नोंदलेलं राहतं, आणि एखादा चुलतभाऊ तीन वर्षांपूर्वीचा मेसेज वर आणून ठेवायला टपलेलाच असतो. म्हणून सामन्याआधी ग्रुपवर फक्त डोळे वटारलेला चेहरा टाकावा. त्याचा कसाही अर्थ निघतो. शब्दांत व्यक्त होण्याची फारच उबळ आली तर फोन करावा, आणि तोही दोघांना : मेहुण्याला सांगायचं आपण जिंकणार, साडूला सांगायचं कठीण आहे. निकालानंतर त्यातल्या एकालाच पुन्हा फोन करायचा. मेहुणा आणि साडू एकमेकांशी बोलत असतील तर आधी त्यांच्यात थोडा दुरावा निर्माण करावा लागेल. तो कसा करायचा हे कुटुंबवत्सल वाचकाला वेगळं सांगायला नको.

खरा धोका मात्र ज्यांनी खरोखर म्हटलेलं असतं त्यांच्यापासून. दुर्दैवाने असा एखादा माणूस प्रत्येक घरात असतो, आणि बहुधा ती आई असते. तुम्ही धोनीच्या फलंदाजीचा क्रम लावत असताना तिने सांगितलेलं असतं की मोरीतला नळ ठिबकतोय, वॉशर गेलाय, प्लंबरला बोलवा. पुढे रविवारी सकाळी तो नळ हातात येतो, घरभर पाणी होतं, आणि तुम्ही सवयीने तोंड उघडता. उघडू नका! तिच्याकडे तारीख असते. शिवाय तुम्ही तेव्हा काय उत्तर दिलं होतं तेही असतं, शब्दशः, आवाजाच्या चढउतारासकट. अशा प्रसंगी गुपचूप पाणी पुसावं. मुख्य कॉक कुठे आहे हे शोधायला जातो म्हणून बाहेर पडलात तर आणखी बरं. तो कुठे आहे हेही तिलाच माहीत असतं, त्यामुळे तुम्ही बराच वेळ शोधू शकाल.

दुसरा धोका लहान मुलांचा. त्यांना ना अदब असते ना विसराळूपणा. सामना ऐन रंगात असताना, षटकातले दोन चेंडू उरलेले असताना, एखादं आठ वर्षांचं कार्टं तुमच्याकडे वळतं आणि म्हणतं, “काका, तुम्हाला नेहमी आधीच कळतं ना? मग पुढच्या बॉलला काय होणार ते आत्ता सांगा.” सगळं घर तुमच्याकडे बघायला लागतं. वहिनीसुद्धा हातातला मोबाइल खाली ठेवते. इथे भलेभले गडबडतात. “सांगून टाकलं तर मजा काय?” हे उत्तर एकदाच चालतं. “चौकार!” असं म्हणण्याचा मोह तर कटाक्षाने टाळा, कारण चेंडू कुठेही जाऊ शकतो. उत्तम उपाय म्हणजे त्याच्या पाठीवर प्रेमाने हात ठेवून त्याला काकांसाठी थंड पाण्याचा ग्लास आणायला पिटाळणं. तो पाणी घेऊन येईपर्यंत चेंडू पडलेला असतो, आणि तुम्ही काय सांगितलंत हे त्याला कळत नाही, कारण तो तेव्हा आत होता.