पदनाम वाढले, बसायची गादी गेली

माझी पुतणी ठाण्याच्या एका मॉलमधील कपड्यांच्या दुकानात तीन वर्षांपासून नोकरी करते. तिच्या बिल्ल्यावर तिचे नाव असते आणि त्याखाली ‘फॅशन कन्सल्टंट’ असे लिहिलेले असते. सकाळी खोके फोडून माल मोजणे, कपड्यांना चोरी पकडणारे टॅग लावणे, ट्रायल रूममधून उलटेपालटे होऊन आलेले शर्ट पुन्हा घड्या घालून मापाप्रमाणे रचणे, गिऱ्हाइकाला बत्तीसची पँट शोधून देणे आणि रात्री शटर खाली आल्यावर पुन्हा मोजणी करणे, हे तिचे दिवसभराचे काम. या तीन वर्षांत फॅशनविषयी सल्ला किती जणांनी मागितला, असे मी एकदा विचारले, तेव्हा ती म्हणाली, “काका, लोक फक्त ट्रायल रूम कुठंय ते विचारतात.”

माझे वडील नाना, म्हणजे तिचे आजोबा, दादरच्या एका साडीच्या दुकानात 31 वर्षे होते. त्यांना पदनाम असे काही नव्हतेच. कोणी विचारले तर ते “मी अमक्यांच्या दुकानात असतो” एवढेच सांगत. दुकानाच्या परवान्याला आपल्याकडे आजही ‘गुमास्ता’ म्हणतात आणि तो शब्द मुळात दुकानात नेमलेल्या माणसाचा आहे. ‘नेमलेला’ हाच त्याचा फारसीतला अर्थ. कायद्याच्या कागदाला चक्क नोकराच्या नावाने ओळखावे, ही गोष्ट मला नेहमीच गमतीची वाटत आली आहे.

त्या दुकानात पांढऱ्या खोळीची गादी असे. नाना मांडी घालून गादीवर बसत, समोर गिऱ्हाईकही बसे, आणि मधल्या जागेत एकेक साडी उलगडली जाई. बाईंना पदर कसा दिसेल हे कळावे म्हणून नाना स्वतःच्या खांद्यावर पदर टाकून दाखवत, त्यात त्यांना कधी संकोच वाटला नाही. दुपारी गर्दी ओसरली की त्याच गादीवर, साड्यांच्या गठ्ठ्याला टेकून, ते दहा मिनिटे डोळे मिटत.

हे दिवस सोन्याचे होते असे मी मुळीच म्हणणार नाही. शेठजी चाळिशी ओलांडलेल्या माणसालाही ‘ए पोऱ्या’ म्हणून हाक मारत, दिवाळीचा बोनस त्यांच्या मर्जीवर असे, आणि एकदा साडीला चहाचा डाग पडला म्हणून नानांच्या पगारातून तिची किंमत कापून घेतली होती. ‘नोकर’ हा शब्द त्या दुकानात शिवीसारखा वापरला जाई. त्यामुळे शब्द बदलले म्हणून माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच आहे की नोकर म्हणवला गेलेला माणूस बसत होता आणि कन्सल्टंट म्हणवली जाणारी मुलगी दहा-दहा तास उभी असते. दुकानाच्या पुढच्या भागात तिला बसायला एक स्टूलसुद्धा नाही, कारण बसलेला कर्मचारी ‘ब्रँडच्या प्रतिमेला साजेसा दिसत नाही’. पाय फारच भरून आले की मुली स्टॉकरूममध्ये बुटांच्या खोक्यांवर पाळीपाळीने बसतात. एक जण दाराशी उभी राहून लक्ष ठेवते आणि दुसरी चपला काढून घोटे चोळते.

हे फक्त ठाण्यात घडते असे नाही. कोझिकोडच्या कापडदुकानांत काम करणाऱ्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी कित्येक वर्षे आवाज उठवला, तेव्हा कुठे केरळने 2018 मध्ये दुकानांसंबंधीचा कायदा दुरुस्त करून कर्मचाऱ्यांना बसायची सोय देणे बंधनकारक केले. तमिळनाडूने 2021 मध्ये तसेच केले. त्या बायकांनी मालकाकडे नवे पदनाम मागितले नव्हते, त्यांनी खुर्ची मागितली होती.

दुकानातल्या माणसाला ‘असोसिएट’ म्हणण्याची रीत अमेरिकेतून आली आणि तिचा उगम तसा प्रामाणिक होता. जेम्स कॅश पेनी याने 1902 मध्ये वायोमिंगमधील केमरर या खाणकामगारांच्या गावी दुकान काढले, तेव्हा तो स्वतः त्यात एक तृतीयांश भागीदार होता. पुढे दुकाने वाढवतानाही होतकरू व्यवस्थापकाला नव्या दुकानात भांडवलाचा वाटा देण्याची पद्धत त्याने ठेवली. तेव्हा ‘असोसिएट’ या शब्दाला खरोखरच काही अर्थ होता. पुढे वॉलमार्ट ही दुकानांची साखळी उभारणारा सॅम वॉल्टन तरुणपणी पेनीच्याच दुकानात नोकरीला होता. त्याने तो शब्द वॉलमार्टमध्ये नेला आणि 1971 पासून कर्मचाऱ्यांसाठी नफ्यातील वाट्याची योजनाही सुरू केली. त्यानंतर तो शब्द जगभरच्या मॉलमध्ये पसरला, पण वाटा काही त्याच्याबरोबर पसरला नाही.

अशा शब्दांची परीक्षा घ्यायची माझी एक घरगुती रीत आहे. ते पदनाम मी सरळ मराठीत म्हणून पाहतो. ‘डिलिव्हरी पार्टनर’ हे इंग्रजीत कानाला गोड लागते, पण ‘भागीदार’ म्हटले की मराठी माणूस लगेच विचारतो, नफ्यातोट्यात वाटा किती? दुचाकी त्याची, पेट्रोल त्याचे, पावसात घसरून पडला तर हाडही त्याचेच, आणि एका फेरीला किती पैसे द्यायचे हे मात्र परस्पर ॲप ठरवणार. अशा माणसाला आमच्या गावी भागीदार म्हणत नाहीत. तो कामगारही ठरत नाही, ही त्यातली खरी मेख. सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये अशा कामाची व्याख्याच ‘पारंपरिक मालक-कामगार संबंधाच्या बाहेरचे’ अशी केलेली आहे. ‘कामगार’ या शब्दाला किमान वेतन, जादा तासांचा मोबदला आणि कामावरून काढण्याची रीत एवढे सगळे चिकटून येते, तसे ‘भागीदार’ला काहीच चिकटत नाही.

याच्या अगदी उलटे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या मार्केटातील ओझी वाहणारे लोक बाबा आढावांबरोबर संघटित झाले, तेव्हा त्यांनी आपल्या संघटनेला ‘हमाल पंचायत’ असेच नाव दिले. मुंबईत अण्णासाहेब पाटलांच्या पुढारपणाखाली जे लढले, त्यांनी डोक्यावर ओझे वाहणारे म्हणून मिळालेले ‘माथाडी’ हे नाव टाकून दिले नाही. 1969 च्या कायद्याच्या नावातच माथाडी आणि हमाल हे दोन्ही शब्द आहेत, आणि त्या कायद्याने मंडळे आली, भविष्यनिर्वाह निधी आला, मजुरीचा हिशेब आला. आज एखाद्या सल्लागार कंपनीला हे काम दिले असते, तर त्यांनी हमालांचे ‘लॉजिस्टिक्स असोसिएट’ करून टाकले असते आणि पोत्याचे वजन तेवढेच ठेवले असते.

मोठ्या पदनामाचा उपयोग कोणाला होतो, हे मला गेल्या दिवाळीनंतर नीट कळले. पुतणीला बढती मिळाली आणि ती ‘असिस्टंट डिपार्टमेंट मॅनेजर’ झाली. घरी पेढे आले. माझ्या वहिनींनी तिच्या स्थळांसाठी केलेल्या बायोडाटात त्याच संध्याकाळी दुरुस्ती केली, आणि खरे सांगायचे तर मलाही बरे वाटले. पगार 900 रुपयांनी वाढला. काम तेच राहिले, खोके, घड्या, मोजणी. मात्र पुढच्या महिन्यापासून सणासुदीच्या जादा तासांचे पैसे बंद झाले. विचारल्यावर उत्तर मिळाले की मॅनेजरला ओव्हरटाइम नसतो.

महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा तासांसाठी दुप्पट दर आहे, आणि व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय स्वरूपाची पदे त्यातून वगळलेली आहेत, हेही खरे. परंतु बिल्ल्यावर ‘मॅनेजर’ छापले म्हणजे माणूस मॅनेजर होतो असे नाही. करोना साहू या पादत्राणांच्या कंपनीतील एका दुकान-व्यवस्थापकाचे प्रकरण 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. औद्योगिक विवाद कायद्याखाली कामगार कोण, असा तो प्रश्न होता. पदाचे नाव काय आहे यावर निकाल लागत नाही, तो माणूस मुख्यतः कोणते काम करतो हे पाहावे लागते, असे न्यायालयाने सांगितले. तो व्यवस्थापक हरला, कारण दुकानाचा कारभार खरोखरच त्याच्या हाती होता. तीच फूटपट्टी लावली तर माझ्या पुतणीच्या हाताखाली एकही माणूस नाही. तिला कोणाची रजा मंजूर करता येत नाही, आणि दोनशे रुपयांची सूट द्यायची झाली तरी वरच्याला फोन करावा लागतो.

दुकाने व आस्थापना कायद्यात असेही आहे की ज्यांना व्यवस्थापकीय म्हणून वगळले आहे, त्यांची यादी संकेतस्थळावर, आणि संकेतस्थळ नसेल तर दुकानात ठळक जागी लावायची असते. आम्ही दोघांनी बसून कंपनीच्या कर्मचारी खात्याला एक साधा, नम्र अर्ज लिहिला. ती यादी कुठे पाहता येईल, एवढेच त्यात विचारले होते. हे खाते पूर्वी ‘एचआर’ म्हणून ओळखले जाई, आता ते ‘पीपल अँड कल्चर’ झाले आहे, म्हणून अर्जावर नवे नाव घालायला तिने मला आवर्जून सांगितले.

अकरा दिवसांनी उत्तर आले. आपण सर्व एक कुटुंब आहोत, तुझी कळकळ आम्ही जाणतो, आणि अशा विषयांवर लेखी पत्रव्यवहार करण्यापेक्षा आपल्या ‘हॅपिनेस पार्टनर’शी मोकळेपणाने बोलावे, असे त्यात लिहिले होते. यादीचा उल्लेख नव्हता. नानांना मी ते वाचून दाखवले. त्यांनी चष्मा काढला आणि हा हॅपिनेस पार्टनर नेमका काय काम करतो, असे विचारले. पुतणी तेव्हा ड्युटीवरून नुकतीच आलेली होती आणि गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसली होती. तिलाही ते सांगता आले नाही.